बाईंच्या आजाराचं नाव

आज्ञा द्यायला सगळे जमले होते आणि सगळ्यांनी ती दिलीही होती. अडून बसली होती ती एकटी खुशबू. त्यामुळे मंचरच्या घरात, सुवालालच्या बैठकीत, चहा निवून त्यावर साय धरली तरी कुणी उठायचं नाव घेत नव्हतं.

प्रकरण उगमबाईंचं होतं. त्यांना संथारा घ्यायचा होता. आधी अन्न सोडायचं, मग पाणी सोडायचं, आणि नवकार मंत्र ऐकत शांतपणे देह ठेवायचा. सकाळीच धापा टाकत जैन स्थानकात जाऊन त्यांनी तिथल्या साध्वींकडे, महासतीजींकडे, तो मागितला होता. महासतीजी लगेच हो म्हणाल्या नाहीत. इलाज संपलेला आजार असेल तर तो कोणता, आणि घरातल्या सगळ्यांची आज्ञा आहे का, एवढंच त्यांनी विचारलं. ‘सगळ्यांची’ हा शब्द त्यांनी दोनदा उच्चारला, तोही बाईंना धरून उभ्या असलेल्या खुशबूकडे बघून.

आज्ञेसाठी वारूळवाडीला फोन गेला आणि बाईंचा धाकटा मुलगा पारस बायकोला आणि कॉलेजात शिकणाऱ्या मुलीला, टीनाला, घेऊन दुपारपर्यंत हजर झाला. आजाराच्या प्रश्नाकडे मात्र कुणी फारसं बघितलंच नाही. बाईंचं वय झालं, यात सगळं आलं असं दोन्ही मुलांनी धरून चाललं होतं. एरवी घड्याळात किती वाजले यावरही ज्यांचं एकमत होत नाही, ते दोघे भाऊ आज या एका गोष्टीवर मांडीला मांडी लावून बसलेले पाहून खुशबूच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

“पोरी, तू का आडवी लागतीस?” सुवालाल म्हणाला. तो तिचा सासरा. सासू गेल्यापासून घराच्या चाव्या खुशबूकडे होत्या आणि आजेसासूची सेवाही तिच्याकडेच. “धर्माचं काम हाय. बाईनं सोताहून मागितलंय. आमी दोघं लेकरं तयार, जिनेश तयार. आता नातसुनेनं न्हाई म्हणायचं म्हंजी लई झालं.”

“मी नाही म्हणत नाही, पप्पा. महासतीजींनी आजार विचारलाय. तो सांगा. या क्षणी आज्ञा देते.”

“म्हातारपण,” पारस म्हणाला.

“तो आजार नाही, काका. तो तर तुमच्याही वाट्याला येणार आहे.”

टीनाने हसू दाबलं. जिनेशने, म्हणजे खुशबूच्या नवऱ्याने, पायाच्या अंगठ्याने तिला ढोसलं. गेली पाच वर्षं तो वाद सुरू झाला की हेच करत आला होता. खुशबूने पाय बाजूला घेतला.

“छातीचं दुखणं हाय,” सुवालाल म्हणाला. “लिहून घे. वारूळवाडीवरनं आली की छाती भरून येती. तिथं नदीकाठची थंडी, आन् ह्यांच्याकडं फ्रिजमधलं पाणी.”

“फ्रिजमधलं?” पारस ताठ झाला. “भाऊ, आमच्या घरी बाईला राख घालून निवळलेल्या धोवन पाण्याशिवाय थेंब देत न्हाई आमी. छाती भरती ती तुमच्या बारदानानं. कांद्या-बटाट्याच्या जुन्या गोण्या दारात झटकायच्या, आन् म्हातारीची खाट आत दारामागं. माणूस हाय का चाळण?”

झालं. आता अर्धा तास तरी हे चालणार हे खुशबूला ठाऊक होतं. ऐकून ऐकून तिला दोघांची वाक्यं पाठ झाली होती.

दहा वर्षांपूर्वी हे भाऊ वेगळे झाले. बारदानाचं दुकान थोरल्याला मिळालं, वारूळवाडीशेजारच्या नारायणगावातलं भांड्यांचं दुकान धाकट्याला मिळालं. आईची वाटणी कशी करणार, म्हणून तिच्या पाळ्या लागल्या: चार महिने इकडे, चार महिने तिकडे. इथवर चारचौघांसारखंच होतं. पण या घराण्यात डॉक्टरांचीही वाटणी झाली. मंचरचे डॉक्टर पप्पांचे, नारायणगावचे काकांचे. एकाच्या डॉक्टरकडे दुसऱ्याने जायचं म्हणजे त्याच्या उंबऱ्यावर डोकं टेकवल्यासारखं. बाईंची पाळी बदलली की त्यांची पेटी जायची, माळ जायची, तोंडावर बांधायची मुहपत्ती जायची, फक्त आजारपण जात नसे. ते ज्या घरात झालं त्या घरात पुरलं जायचं. बाई आमच्याकडे धडधाकट आली, धडधाकट गेली, असं दोन्हीकडून छातीठोकपणे सांगितलं जायचं. म्हातारी कुणाच्या घरी आजारी पडली म्हणजे त्या घराने तिची हेळसांड केली, असा सरळ हिशोब होता.

“आमच्याकडं एकदाच झालं,” पारस सांगत होता. “एकदाच. ते बी चार दिवसांत उठून बसली.”

“आमच्याकडं बी एकदाच,” सुवालाल म्हणाला. “गेल्या दिवाळीत. बास.”

खुशबूने सासऱ्याकडे पाहिलं. त्याने नजर चुकवली नाही, उलट भुवया उंचावून तिला गप्प राहायची खूण केली. वारूळवाडीहून फोन आला की हीच खूण असायची. आत बाई सलाईनवर असायच्या आणि बाहेर खुशबू फोनवर सांगायची, छान आहेत, जप करतायत.

आतल्या खोलीतून खोकल्याची ओली, लांबलचक उबळ ऐकू आली. उद्या सकाळी ही उबळ अन्नावाचून चालू राहील, आणि परवा पाण्यावाचून. त्याचं कारण कुणालाच माहीत नसेल आणि आज्ञा देणाऱ्यांत आपलंही नाव असेल. खुशबूच्या डोक्यावरून पाणी गेलं.

“एकदाच नाही, पप्पा,” ती म्हणाली. “दिवाळीत न्यूमोनिया झाला तो तुम्ही सांगितलात. त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात झाला तो? संक्रांतीनंतर परत झाला तो? कान फुटला आणि महिनाभर वाहत होता, तो कुणाचा कान होता? कमरेला नागीण उठली, तेव्हा काकांना आपण काय सांगितलं? बाई मौनात आहेत म्हणून.”

सुवालालचा चेहरा पडला. “घरातलं बाहेर काढायचं नसतं, खुशबू.”

“बाहेर कुठे काढलं? घरातच बोलतेय.”

“बघा,” पारस सोफ्यात मागे रेलला. “आमी म्हणतच व्हतो. ह्यांच्या घरात बाईचं हे हाल, आन् नाव आमच्या पाण्याचं. कंचन, बघितलंस ना?”

कंचनकाकी पदर नाकापर्यंत ओढून खांबाला टेकून बसली होती. जेठासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, ती बोलत नसे. फारच गरज पडली तर पारसकडे बघून बोलायची, आणि जेठाने ते आपणहून ऐकायचं. पंचवीस वर्षांत हा रिवाज मोडलेला कुणी पाहिला नव्हता. आता मात्र ती पारसकडे न बघता सरळ सुवालालकडे वळली.

“जेठजी, आमच्याकडं बी एकदाच न्हाई,” ती म्हणाली.

पारस म्हणाला, “तू गप.”

“लई वर्षं गप बसले. आमच्याकडं पावसाळ्यात छाती झाली, थंडीत परत झाली. मधी नाकातनं पिवळं यायचं, डोकं धरून बसायच्या. आन् जुलाब. जुलाब तर असं, की दोन दोन महिनं थांबंनात. उपासानं आतडी सुकली असं सांगितलं यांच्या डॉक्टरांनी. लुगडी मी धुतलीत, मला म्हाईत. इकडं पाठवायची वेळ आली की हे म्हणायचे, चार गोळ्या जास्त दे, तिथं जाईपर्यंत थांबलं पायजे.”

पारस बायकोकडे असा बघत होता की जणू भिंतीनेच साक्ष दिली. सुवालालने चहाचा कप उचलला, साय बघितली आणि परत ठेवला.

“पप्पा,” टीना हळूच म्हणाली, “म्हणजे दोन वर्षांत पाच वेळा न्यूमोनिया. शिवाय बाकीचं.”

“तुला कुणी इचारलं?”

“कुणीच नाही विचारलं. तेच तर म्हणतेय भाभी.”

खुशबूला टीनाची पाठ थोपटावीशी वाटली. काकांची लाडकी, इतक्या दिवसांत पहिल्यांदा या बाजूला आली होती. पण बोलताना तिचा आवाज चिडकाच निघाला. पाच वर्षांचं साचलेलं त्यात होतं.

“इथे धूळ आहे म्हणून झालं म्हणता, तर तिथे का झालं? तिथे थंडी आहे म्हणून म्हणता, तर इथे मे महिन्यात का झालं? दर वेळी गोळ्यांनी बरं होतं, गोळ्या संपल्या की पंधरा दिवसांत नवीन काहीतरी. घरं दोन आहेत, पाणी दोन ठिकाणचं आहे, डॉक्टर दोन आहेत. बाई तर एकच आहेत ना? मग बाईंच्या अंगात काय बिघडलंय ते कुणी बघितलंय का? तुम्ही दोघांनी दहा वर्षं फक्त एकमेकांची घरं तपासलीत.”

“मीच सांगितलं व्हतं, सांगू नका म्हणून.”

उगमबाई आतल्या दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. किती वेळ ऐकत होत्या कोण जाणे. जिनेश उठून त्यांना आणायला गेला, पण त्यांनी हाताने त्याला थांबवलं आणि स्वतःच येऊन पाटावर बसल्या. दम खाल्ला, मग बोलल्या.

“इकडचं तिकडं कळलं की ह्याला बोल लागतो. तिकडचं इकडं कळलं की त्याला. मी खोकले की माझी पोरं भांडत्यात. रातचं तोंडात पदर कोंबून खोकते मी. आता कटाळा आला. म्हणलं, धर्माच्या मार्गानं जावं, म्हंजी मिटलं.”

दोन्ही मुलं खाली बघत होती. खुशबूला बाईंची दया आली आणि त्याहून जास्त राग आला. इतका राग तिला सासऱ्याचाही कधी आला नव्हता.

“दादी, महासतीजींना हे सांगाल?” ती म्हणाली. “माझा देह थकला म्हणून नाही, माझी मुलं भांडतात म्हणून मला संथारा द्या, असं? आणि त्या देतील?”

उगमबाईंनी नकारार्थी मान हलवली. सामायिकाची साधना केल्याशिवाय दिवस न सोडणारी ती बाई, खोटं बोलणं तिला जमत नसे. एवढी वर्षं ती खोटं बोलली नव्हती, फक्त गप्प राहिली होती. आता तेही जमेना.

“मला माझी दादी पाहिजे,” खुशबू म्हणाली, आणि हे तिने ठरवून म्हटलं नव्हतं. “आजाराचं नाव कळू दे. इलाज नसेल तर मी स्वतः तुमचा हात धरून स्थानकात नेईन. पण नाव कळल्याशिवाय माझी आज्ञा नाही. रुसायचं त्यांनी रुसावं.”

त्या दिवशी बैठक कशी मोडली हे सांगण्यात अर्थ नाही. रुसायचं ते रुसले. पारस न जेवता गेला, सुवालाल दोन दिवस खुशबूशी जिनेशमार्फत बोलला. पण कंचनकाकीने वारूळवाडीचे सगळे एक्स-रे पिशवीत घालून एसटीने टीनाच्या हाती पाठवले आणि नवऱ्याला नंतर सांगितलं.

दोन डॉक्टरांना एका टेबलाशी बसवणं हे दोन भावांना बसवण्याइतकंच जड गेलं. मंचरचे म्हणाले, मी दिलेल्या औषधाने पेशंट बरा झाला होता. नारायणगावचे फोनवर म्हणाले, माझ्याकडून तर चालत गेल्या. खुशबूच्या नाकी नऊ आले. शेवटी नारायणगावच्या म्हाताऱ्या डॉक्टरांनाच एक्स-रेची चळत बघून कसंतरी झालं. “हे सगळं एकाच बाईचं? मग अहो, मी जंतू मारत बसलो. ते परत परत आत कसे येतात हे बघायला पाहिजे होतं,” असं म्हणून त्यांनी पुण्याची चिठ्ठी दिली.

पुण्याला रुसवा बाजूला ठेवून दोघे भाऊही आले. तिथल्या डॉक्टरीणबाई थोडक्यात बोलणाऱ्या होत्या. त्यांनी बाईंना तपासलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “यांची प्रतिकारशक्तीच कमी असावी असं वाटतं. रक्त तपासू.”

सुवालालने उठून आधी दार लावलं. मंचरच्या हमरस्त्यावर, ट्रक थांबतात तिथे, प्रतिकारशक्तीचा एकच बोर्ड होता आणि त्यावर एकच रोग लिहिलेला होता. “मॅडम, हळू बोला,” तो घामाघूम होऊन म्हणाला. “सत्तरीची बाई हाय. रात्रीचं पाणी बी पीत न्हाई. आमच्या समाजात...”

“एड्स नव्हे हो,” त्या वैतागून म्हणाल्या. “तीही तपासणी करू, कारण ती सगळ्यांचीच करतो. प्रतिकारशक्ती कमी होण्याला तेवढं एकच कारण नसतं.” पारस भावाच्या शेजारी उभा राहून मान हलवत होता. भीती मात्र दोघांना सारखीच वाटली होती.

तपासण्यांचे निकाल आले तेव्हा त्यांनी सगळ्यांना समोर बसवलं. “जंतूंना ओळखून धरणारी प्रथिनं आपल्या रक्तात असतात. यांच्यात ती फारच कमी आहेत. गोळीने एक जंतू मरतो, पण पुढच्याला अडवायला आत कुणी नाही. रक्ताच्या कॅन्सरमुळे किंवा एखाद्या औषधामुळेही असं होतं, म्हणून ते सगळं पाहिलं. तसं काही नाही. याला कॉमन व्हेरिएबल इम्यून डेफिशियन्सी म्हणतात.”

“पण ह्या वयात?” जिनेशने विचारलं.

“लहान मुलांचा आजार आहे असं समजतात, पण तो मोठेपणीही होतो, उतारवयातही सापडतो. सापडत नाही तो फक्त शोधत नाही म्हणून. तुमच्या घरातल्या तरुण मुलाला वर्षात दोनदा न्यूमोनिया झाला असता, तर तुम्ही त्याला लगेच इथे आणलं असतं. म्हातारीला झाला की लोक वयावर ढकलतात. म्हाताऱ्या माणसाला ताप पण नीट चढत नाही, त्यामुळे आणखीच फसायला होतं.”

खुशबूने ते लांबलचक नाव त्यांच्याकडून दोनदा म्हणून घेतलं. महासतीजींना सांगायचं होतं.

इलाज होता. कमी पडणारी प्रथिनं दर महिन्याला सलाईनमधून द्यायची, आयुष्यभर. छातीचं जे नुकसान झालं ते भरून येणार नव्हतं, पण नवीन टाळता येणार होतं. आणि ते औषध माणसाच्या रक्तातून काढलेलं असतं, हेही डॉक्टरीणबाईंनी सांगून टाकलं.

कांदा-बटाट्याच्या गोण्या विकून त्या दोन्ही गोष्टी कधी जिभेला न लावलेलं घर हे. सगळे उगमबाईंकडे बघू लागले.

“कुणाला दुखवून घेतलंय का?” बाईंनी विचारलं.

“नाही. लोक स्वतःहून देतात.”

“किती जणांचं असंल एका बाटलीत?”

“हजारभर माणसांचं तरी.”

तेवढ्यात मागे सुरू झालंच. मंचरहून पुणं जवळ, तेव्हा दर महिन्याला आमच्याकडूनच आणू, असं सुवालाल म्हणाला. म्हणजे बाई कायमची तुमच्याकडं का, असं पारस म्हणाला. कंचनकाकीने पदराआडून दोघांना हातानेच गप्प केलं, आणि खरोखर दोघे गप्प झाले.

“ह्या दोघांचं न्हाई ना त्यात?” उगमबाईंनी डॉक्टरीणबाईंना विचारलं. “मग लावा.”

पहिली बाटली लागली तेव्हा फक्त खुशबू जवळ होती. थेंब सावकाश पडत होते. बराच वेळ बाई डोळे मिटून होत्या, खुशबूला वाटलं झोपल्या.

“खुशबू,” त्या डोळे न उघडताच म्हणाल्या. “संथारा मी सोडलेला न्हाई. खरी वेळ आली म्हंजी मी मागणार.”

“हो, दादी.”

“तवा ह्या पोरांना मी पहिल्यांदा इचारणार न्हाई. तुला इचारीन. तवा देशील ना आज्ञा?”

एवढे दिवस सगळ्या घराला नाही म्हणताना तिचा आवाज एकदाही कापला नव्हता.

“देईन,” खुशबू म्हणाली, आणि बाईंच्या सुई नसलेल्या हातावर डोकं ठेवून रडली.